पदवी नसताना इंग्रजी शिकवायचं असेल तर: नागपुरातून सुरुवात

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत मुली जास्त. बारावी झालेली असते, बीए पहिल्या वर्षालाच सुटलेलं असतं, कधी लग्नामुळे, कधी घरातलं कमावणारं माणूस गेल्यामुळे. इंग्रजी मात्र चांगली असते. "ताई, डिग्री नाही तर मले कोण शिकवू देऊन राहिलं?" असं विचारतात. मी स्वतः बारावी. उमरेड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकले, पुढे वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात रिसेप्शनला होते आणि खरी इंग्रजी तिथेच बोलायला लागले. आज मानेवाड्यातल्या घरून जपान, ब्राझील आणि तुर्कस्तानातल्या लोकांना ऑनलाइन शिकवते, आणि पावसाळ्यात जंगलातल्या गाईडांची बॅच घेते.

पदवी नसल्यामुळे अडतं ते व्हिसा आणि शाळेतली नोकरी. शिकवणं मात्र वेगळ्याच गोष्टीमुळे अडतं: तुमचा तास आजवर कोणी मागे बसून पाहिलेला नसतो आणि तो कुठे फसतो हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नसतं. पहिली अडचण तुमच्या हातात नाही. दुसरी पूर्णपणे आहे, म्हणून मी सगळा जोर तिच्यावर द्यायला सांगते.

बंद दारं आधी ओळखा

परदेशात जाऊन शिकवायचं स्वप्न घेऊन आलेल्यांना मी हे पहिल्याच भेटीत सांगते. दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकांना मिळणारा ई-२ व्हिसा पदवीशिवाय मिळत नाही आणि तो मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. परदेशी तरुणांना शाळांत इंग्रजी शिकवायला नेणाऱ्या जपान सरकारच्या जेट कार्यक्रमालाही पदवी लागते. चीनमध्ये तेच. शिवाय चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय मुलांच्या खासगी शिकवण्यांवर मोठे निर्बंध आणले आणि चिनी मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवण्याचा एवढा मोठा धंदा काही महिन्यांत बसला. त्यामुळे त्याआधीचे 'घरबसल्या चीनच्या मुलांना शिकवा' असे व्हिडिओ अजून फिरत असतील तर ते पाहण्यात वेळ घालवू नका.

आता एजंटांबद्दल. "डिग्रीची गरज नाही, थायलंडला टीचरची नोकरी, टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर वर्क परमिट काढून देतो" असं कोणी म्हटलं की तिथून उठा. कंबोडिया, लाओस आणि म्यानमारमध्ये अशाच नोकऱ्यांच्या आमिषाने नेलेल्या भारतीयांना ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून काम करायला लावलं गेलं. परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वेळोवेळी सावध केलेलं आहे. परदेशात नोकरीला पाठवणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो आणि त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतो. दोन लाख मागणाऱ्याला त्याचा नोंदणी क्रमांक विचारा आणि तिथल्या तिथे मोबाईलवर तपासा. हे मी कळकळीने सांगते, कारण आमच्या ओळखीतल्या एका घराने या नादात शेत गहाण टाकलं होतं.

इथल्या शाळांचं गणित सरळ आहे. पहिली ते पाचवीला शिकवायला बारावीत ५० टक्के, दोन वर्षांचं डी.एल.एड. (शिक्षकाची पदविका) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते, राखीव प्रवर्गाला गुणांत सवलत आहे. म्हणजे प्राथमिक शाळेची वाट पदवीशिवायही आहे. सहावीपासून वर पदवी लागतेच.

उरतं काय? ऑनलाइन शिकवणी, स्पोकन इंग्लिशचे खासगी क्लास, आणि विशिष्ट कामासाठी इंग्रजी हवी असलेले लोक: हॉटेलवाले, टॅक्सीवाले, नर्स, गाईड. नागपूरच्या आसपास या शेवटच्या गटाला शिकवणारी माणसं फार कमी आहेत.

तुमची इंग्रजी किती आहे ते मोजा

'चांगली आहे' हे मोजमाप नव्हे. युरोपच्या परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली सहा पायऱ्यांची मोजणी आता जगभर चालते: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. शिकवणाऱ्याने सी१ ला तरी असावं. आयईएलटीएसमध्ये ७ किंवा त्यावर बँड म्हणजे साधारण सी१. पण ती परीक्षा महाग आहे आणि निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून आधी ईएफ सेट ही फुकटातली ऑनलाइन परीक्षा देऊन पाहा. बी२ आलं तर खचू नका. नवशिक्यांना शिकवायला सुरुवात करा आणि रोज एक तास स्वतःच्या अभ्यासाला ठेवा.

उच्चारांत आपण मराठी लोक ठरावीक ठिकाणी अडकतो. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण एकाच 'व'ने भागवतो. 'व्हेरी'ला वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, 'वेट'ला दात कुठेच लागू नयेत, ओठ गोल व्हावेत. दुसरी अडचण शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'ची. आपला 'प' इतका मऊ असतो की परदेशी कानाला 'पिन'च्या जागी 'बिन' ऐकू येऊ शकतं. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरा आणि पेन, पार्क, पीपल म्हणा. पट्टी फडफडली पाहिजे. मी आजही नवीन विद्यार्थ्याचा तास सुरू होण्याआधी आरशासमोर हे करते.

अमेरिकन सूर मात्र आणू नका. आपला भारतीय सूर स्पष्ट असला की पुरतो. ओसाकाची माझी एक विद्यार्थिनी मुद्दाम भारतीय शिक्षिका शोधत आली, कारण तिची ऑफिसची टीम बंगळुरूची होती आणि मीटिंगमध्ये तिला त्यांचं बोलणं पकडता येत नव्हतं. अशी गरज असलेले लोक बरेच आहेत, पण आपण प्रोफाइलमध्ये तसं लिहिलंच नाही तर ते आपल्यापर्यंत पोचणार कसे? एवढं मात्र बघा की 'डू द नीडफुल' किंवा 'आय पास्ड आउट इन २०१५' हे प्रयोग आपल्याकडेच चालतात. आपसात खुशाल वापरा, परदेशी विद्यार्थ्याला शिकवताना ते भारतीय आहेत हे सांगून शिकवा.

आणि एक बाजू आपली भक्कम आहे, ती कमी लेखू नका. इंग्रजीत नामाआधी लागणारे 'अ' आणि 'द' (आर्टिकल) मराठीत नाहीत. जपानीत नाहीत, कोरियनमध्ये नाहीत, रशियनमध्येही नाहीत. मराठीत क्रियापद शेवटी येतं, तसंच जपानी आणि तुर्कीत. 'द' कुठे लावायचा हे तुम्ही मोठेपणी, नियम समजून, चुकत चुकत शिकलात. लंडनमध्ये वाढलेल्याला तो कुठे येतो हे कळतं, पण का येतो हे त्याला समजावून सांगता येईलच असं नाही. तुमच्या विद्यार्थ्याचं डोकं कुठे अडलंय ते तुम्हाला आतून माहीत असतं.

सर्टिफिकेट कोणतं

इंटरनेटवर '१२० तासांचं टेफल', म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट, हजार-दोन हजार रुपयांतही मिळतं. व्हिडिओ पाहा, प्रश्नांवर टिचक्या मारा, सर्टिफिकेट छापा. त्यातून व्याकरणाची उजळणी होते, पण वर्गात उभं राहणं येत नाही. या सर्टिफिकेटांना मान्यता देणारी जगात एकच एक संस्था नाही, त्यामुळे वरचे शिक्के पाहून भुलू नका. कोर्स घेण्याआधी एकच विचारा: यात मी खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणार का, आणि ते पाहून मला कोणी लेखी अभिप्राय देणार का?

असं देणारे नावाजलेले कोर्स दोन. केंब्रिजचा सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्टटेसॉल. दोन्हींत खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचे सहा तास असतात आणि ते तपासले जातात. सेल्टा किमान १२० तासांचा, त्यात चार लेखी असाइनमेंट, पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवड्यांत होतो, ऑनलाइनही करता येतो. महत्त्वाचं म्हणजे त्याला पदवीची अट नाही. वय १८ पूर्ण, पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळेल एवढं शिक्षण, म्हणजे आपल्याकडे बारावी, आणि इंग्रजी सी१ च्या वरच्या टोकाची किंवा सी२ ची. आधी एक लेखी काम देतात, त्यात भाषेची जाण तपासतात, मग मुलाखत होते. फी लाखाच्या वर जाते. म्हणून माझा सल्ला असा की शिकवून थोडे पैसे हातात येईपर्यंत थांबा. कर्ज काढून सेल्टा करू नका. आधी पुढचं करा.

तास कोणाला तरी दाखवा

हे फुकटात होतं आणि यातूनच शिक्षक घडतो. आपल्या वस्तीत स्पोकन इंग्लिशचा एखादा छोटा क्लास असतोच. नंदनवन, सक्करदरा, मानेवाडा, कुठेही बघा. तिथल्या सरांना किंवा मॅडमना जाऊन सरळ सांगा की मला काही दिवस मागे बसून पाहायचंय, बदल्यात मी वह्या तपासून देईन. बहुतेक जण हो म्हणतात. मग एखाद्या दिवशी वीस मिनिटं मागा आणि त्यांना मागे बसवा.

बसताना त्यांच्या हातात एक कागद द्या. नुसतं "कसं झालं?" विचारलं तर "छान झालं" एवढंच ऐकायला मिळतं. कागदावर चार प्रश्न लिहा. मी किती मिनिटं बोलले आणि मुलं किती? कितीजणांनी तोंड उघडलंच नाही? कोणती सूचना मला पुन्हा द्यावी लागली? आणि वीस मिनिटांनी मुलांना असं काय बोलता आलं जे आधी येत नव्हतं? चौथ्याचं उत्तर सापडलं नाही तर तो तास वाया गेला असं समजा, तुम्ही कितीही गोड शिकवलं असलं तरी.

पाहणारं कोणी मिळत नसेल तर विद्यार्थ्यांना विचारून फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि रात्री घड्याळ लावून ऐका. नव्या शिक्षकाचा आवाजच सगळीकडे भरलेला असतो. प्रश्न विचारला की दोन सेकंदही धीर निघत नाही, आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजायची सवय लावा.

शिकवायला माणसं कुठून आणायची? वस्तीतल्या बुद्धविहारात किंवा समाजभवनात संध्याकाळी अभ्यासिका चालत असेल तर तिथे विचारा. दहावीची पोरं असतात, पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. आठवड्यातून दोन दिवस, पाऊण तास, फुकट. 'फुकट' म्हणजे कायमचं फुकट असं होऊ देऊ नका. पहिल्याच दिवशी सांगा की दोन महिने, त्यानंतर बंद.

जंगलातल्या गाईडांचा एक तास

शिकवणं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी एका तासावरून सांगते. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य नागपूरहून साठेक किलोमीटरवर, माझ्या माहेरच्या वाटेवर. जुलै ते सप्टेंबर सफारी बंद असते, तेव्हा गाईडांच्या हाताला काम कमी असतं. ग्रामपंचायतीचं सभागृह मिळतं. आठ-दहा जण येतात, त्यात दोघी-तिघी बाया. जंगल त्यांना तोंडपाठ असतं. पर्यटक इंग्रजीत काही विचारू लागला की मात्र "टायगर, देअर, देअर" यापुढे गाडी जात नाही.

सुरुवात फोनमधल्या फोटोने करते: धुळीतला पंजाचा ठसा. "व्हॉट डू यू सी?" कोणी म्हणतं "पगमार्क", कोणी "टायगर इज गो." मी चूक म्हणत नाही. फळ्यावर रस्ता काढते, त्यावरून आडवी जाणारी ठशांची ओळ. मग लहान लहान प्रश्न. वाघ आत्ता इथे आहे का? नो. आपण त्याला पाहिला का? नो. किती वाजता गेला ते माहीत आहे? नो. मग आपल्याजवळ काय आहे? पगमार्क. आता वाक्य देते: "अ टायगर हॅज क्रॉस्ड द रोड." वेळ माहीत नाही, खूण समोर आहे, तिथे हे वाक्य. व्याकरणातलं त्याचं नाव मी उच्चारतही नाही. आधी सगळे मिळून म्हणतात, मग अर्धा वर्ग, मग एकेक. 'हॅज' जोरात यायला नको, 'क्रॉस्ड' आणि 'रोड' वर जोर. त्यासाठी मी टेबलावर बोटाने ताल धरते.

मग फळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात लिहिते: जय. त्या नावाने सगळा वर्ग जागा होतो. नागझिऱ्याहून २०१३ मध्ये इकडे आलेला तो वाघ, एप्रिल २०१६ नंतर दिसलाच नाही. पर्यटक त्याच्याबद्दल हमखास विचारतात. "जय केम फ्रॉम नागझिरा इन २०१३. ही डिसअपिअर्ड इन २०१६." इथे 'हॅज' का नाही? वर्ष बोललो, गोष्ट त्या वर्षात संपली. जो प्रश्न पुस्तकातल्या पानभर नियमांनी सुटत नाही तो या दोन वाघांनी पाच मिनिटांत सुटतो.

तिसरं वाक्य चितळाचं. जंगलात अलार्म कॉल आला की गाईड आपसात म्हणतात, "चितळ ओरडून राहिलं." आपल्या नागपुरी बोलीतलं हे रूप इथे अगदी नेमकं कामी येतं: "अ चितळ इज कॉलिंग." आत्ता, या क्षणी. फक्त 'माहीत असणं', 'आवडणं' अशा क्रियापदांना हे रूप लावू नका एवढं तेव्हाच सांगते, नाहीतर "आय ॲम नोइंग" सुरू होतं.

यानंतर मी गप्प. प्लास्टिकच्या खुर्च्या दोन-दोन अशा मांडून आम्ही सफारीची जिप्सी तयार करतो. एक गाईड पुढे, बाकीचे पर्यटक. पर्यटकांना मी चिठ्ठ्या देते: तू घाबरलेली आहेस, तुला फक्त पक्षी पाहायचेत, तू सारखा "व्हेअर इज द टायगर?" विचारणार आहेस. मी मागे बसून चुका वहीत टिपते. मध्ये तोंड घालत नाही, चूक कितीही टोचली तरी. बोलता माणूस एकदा थांबवला की तो दिवसभर बोलत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत सहा वाक्यं फळ्यावर लिहिते, चार चुकलेली, दोन बरोबर, कोणाची ते न सांगता. कोणती बरोबर ते त्यांनी शोधायचं.

आधी अर्थ पोचवणं, छोट्या प्रश्नांनी तो तपासणं, तोंडात बसवणं, मग मोकळं सोडणं आणि शेवटी चुका. बँकेतल्या माणसाला शिकवा, नाहीतर ब्राझीलच्या कॉलेजकुमाराला, माझा क्रम हाच असतो. फोटो आणि वाक्यं तेवढी बदलतात.

ऑनलाइन शिकवताना

प्रेप्ली आणि आयटॉकी या दोन साइटवर पदवी नसलेल्यांनाही शिकवता येतं. आयटॉकीवर 'कम्युनिटी ट्यूटर' असा वेगळा गट आहे, त्याला सर्टिफिकेटही लागत नाही. मात्र इंग्रजीसाठी नवीन शिक्षक घेणं तिथे अधूनमधून बंद असतं. पैशांचा हिशेब आधी नीट समजून घ्या. प्रेप्ली प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चाचणी तासाचे सगळे पैसे स्वतः ठेवते, पुढे सुरुवातीला ३३ टक्के कापते आणि ४०० तास झाल्यावर हे प्रमाण १८ टक्क्यांपर्यंत उतरतं. आयटॉकी १५ टक्के कापते. तुम्ही तासाला सहा डॉलर लावले तर प्रेप्लीवर सुरुवातीला हाती चार, आयटॉकीवर पाच डॉलर दहा सेंट. फक्त चाचणी तास घेऊन पळणारे विद्यार्थी येत राहिले तर महिनाभर फुकट राबणं होतं, म्हणून पहिल्या तासाच्या शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि पुढच्या चार तासांत काय करणार ते त्याला लिहून दाखवा.

वेळा जमवणं सोपं आहे. टोकियोत रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेचार. साओ पाउलोत सकाळचे सात म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. इस्तंबूलचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेदहा, पोरं झोपल्यावर. ब्राझीलची संध्याकाळ धरायला गेलात तर पहाटे साडेचारला उठावं लागेल. ते मी करत नाही, तुम्हीही पहिल्या वर्षी करू नका.

दुपारचे तास म्हटले की नागपुरात मे महिन्याचा विचार करावा लागतो. पंचेचाळीस डिग्रीत कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलर चालू असला की माइकमध्ये नुसता घोंगाट. विद्यार्थ्याला तुमचा 'एस' आणि 'एफ' ओळखू येत नाही, आणि भाषेच्या तासात आवाजच गेला तर उरतं काय? मी तासाच्या अर्धा तास आधी खोली बंद करून कूलर फुल चालवते, फरशीवर ओला पोछा मारते, खिडकीला जाड पडदा, आणि तास सुरू होताना कूलर बंद. पंचवीस मिनिटं निघतात. म्हणून उन्हाळ्यात मी पन्नास मिनिटांचे तास ठेवतच नाही, पंचवीसचेच ठेवते, मध्ये पाच मिनिटं कूलर. वायरचा हेडफोन घ्या, माइक ओठांपासून चार बोटं दूर आणि जरा खाली. मृगाच्या वादळात लाईन जातेच, तेव्हा राउटरला छोटा यूपीएस आणि फोनमध्ये डेटा दोन्ही हवं. लॅपटॉप नसेल तर फोनवरही सुरुवात होते, फक्त तो हातात धरू नका, स्टँडवर ठेवा आणि खिडकी तोंडासमोर येईल असे बसा.

प्रोफाइलच्या व्हिडिओत "मी इंग्रजी शिकवते" एवढंच म्हणू नका. कोणाला शिकवता ते सांगा. "बोलायला घाबरणाऱ्या नवशिक्यांना," "भारतीय टीमबरोबर काम करणाऱ्यांना," "प्रवासाला निघालेल्यांना." पदवी आहे असं कुठेही सुचवू नका. विद्यार्थी विचारतो तेव्हा मी सरळ सांगते की नाही, आणि मी मोठेपणी इंग्रजी शिकले हेही सांगते.

पैसे आणि पुढचं

परदेशातून येणारा प्रत्येक रुपया बँकेतून येऊ द्या, पावत्या एका फाइलमध्ये ठेवा आणि दरवर्षी आयकर विवरणपत्र भरा. पुढे कर्ज किंवा व्हिसा हवा असेल तेव्हा हीच कागदं कामाला येतात. इथल्या बॅचसाठी महिन्याची फी पहिल्या आठवड्यातच घ्या, उधारी ठेवू नका. गाईडांकडून मी हंगाम सुरू झाल्यावर दोन हप्त्यांत घेते, कारण पावसाळ्यात त्यांच्याकडे पैसे नसतात हे मला माहीत असतं.

परदेशी शाळेत जाण्याची किंवा इथे हायस्कूलला शिकवण्याची इच्छा अजूनही मनात असेल तर शिकवता शिकवता पदवीला नाव घाला. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू, दोन्हीकडे काम सांभाळून बीए करता येतं आणि दोन्हींची विभागीय केंद्रं नागपुरात आहेत. इंग्रजी विषय घ्या. प्रवेशाच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावर पाहा, फॉर्म स्वतः भरा, भरून देणाऱ्याला हजार रुपये देऊ नका. त्या तीन वर्षांत तुमचे शिकवण्याचे शेकडो तास होतील. प्रत्येक विद्यार्थ्याची तारीख, पातळी आणि काय शिकवलं ते एका वहीत लिहीत चला, कारण सेल्टाच्या मुलाखतीत किंवा कोणत्याही क्लासच्या दारात अनुभव विचारतील तेव्हा ती वही समोर ठेवता येईल.